मापाला दिलेला ब्लाऊज

नजरेनं माप घेण्यात अनुसूयाबाईंचा हात धरणारं माणूस चौलपासून नागावपर्यंत दुसरं नव्हतं. माडाखाली उभं राहून मान वर केली की त्या सांगत, "एकशे बारा." नारळ पाडणारा भागोजी वर चढायचा, सगळे पाडायचा, खाली येऊन मोजायचा आणि विजयी चेहऱ्यानं म्हणायचा, "एकशे अकरा." तेवढ्यात झावळीत अडकलेला एकशे बारावा त्याच्या कानाला वारा घालत खाली यायचा. सुपारीच्या ढिगाकडे बघून बाई किलो सांगत, वर्गाच्या दारातून गैरहजर पोरांचा आकडा सांगत. हायस्कुलात एकतीस वर्षं गणित शिकवून त्यांची पक्की खात्री झाली होती, की जिचं माप आपल्याला सांगता येत नाही अशी वस्तू जगात नाही.

अशी एक वस्तू होती आणि ती बाई गेली तीस वर्षं स्वतःच्याच छातीवर वागवत होत्या. एक म्हणजे दोन. गणिताच्या बाईंची गोष्ट आहे, आकडा चोख हवा.

आता त्या ऐवजाचं वर्णन मी वाढवून सांगतो असं तुम्हाला वाटेल, म्हणून मी उलट कमीच करून सांगतो. बाई फळ्यावर लिहायला उभ्या राहिल्या की वरच्या चार ओळी फळ्यावर राहत आणि खालच्या चार बाईंच्या पदरावर उमटत. प्रमेय फळ्यावर, सिद्धता पदरावर! पोरं मुकाट्यानं दोन्हीकडून उतरवून घेत. पदरावरचं उलटं छापलेलं असे, त्यामुळे चौलची काही मुलं अजूनही सिद्धता शेवटाकडून सुरुवातीकडे लिहितात. रस्त्याच्या वळणावर तर "बाई आल्या" असं लोक आधी म्हणत आणि बाई नंतर येत.

या सगळ्यावर सर्वांत जास्त हसायच्या त्या बाई स्वतः. हसू यायचं नाही ते खांद्यांना. पट्ट्यांनी खांद्यांवर अशा खाचा पाडल्या होत्या, की वाडीतल्या पाटाचं पाणी सोडलं असतं तर थेट कोपरापर्यंत वाहत गेलं असतं. मान धरलेली, पाठ भरलेली. तेल झालं, शेक झाला, कमरेचा पट्टा झाला. शेवटी नव्या मुंबईत दाताची डॉक्टर असलेली लेक वल्लरी त्यांना पनवेलच्या एका सर्जनबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टर आश्लेषा वयानं बाईंच्या माजी विद्यार्थिनी शोभल्या असत्या. त्यांनी तपासलं, फोटो काढले, चाचण्या लिहून दिल्या आणि सांगितलं, की भार कमी करता येईल, त्रासही बराच हटेल. फक्त पुढच्या वेळी येताना आपल्याला केवढं हवंय त्याचा विचार करून यायचं, आणि तोही आपल्या देहाला झेपेल असा.

"केवढं?" या प्रश्नाला अनुसूयाबाईंकडे जन्मात पहिल्यांदा उत्तर नव्हतं.

परतीच्या एसटीत त्यांनी चोरून तेरा बायका न्याहाळल्या. चौदावी भांडायला उठली. घरी आल्यावर त्यांनी फळांची मदत घेतली. शहाळं नको, ते तर चालूच आहे. नारळ बरा, पण टोकदार. एका दुपारी त्या परसात दोन्ही हातांत एकेक पपनस तोलून डोळे मिटून उभ्या होत्या, तर त्यांचे यजमान महादेवराव मागून आले आणि हे काय चाललंय म्हणून विचारू लागले. बाईंनी पिकलंय का बघते असं सांगितलं. महादेवराव नारळी-पोफळीच्या वाडीचे मालक, मितभाषी. दोन्ही पपनसं हिरवीगार होती, पण ते तसेच मागे फिरले.

तोडगा सुचला तो पहाटे अंघोळ करताना. बाईंच्या अंगाला उभ्या आयुष्यात शिंप्याची टेप लागली नव्हती. आपल्याकडे कोणाच्या लागते? नीट बसणारा एक ब्लाऊज मापाला द्यायचा आणि "असाच शिवा" म्हणायचं. मग डॉक्टर तरी काय करतात? कापतात आणि शिवतातच की. त्यांनाही मापाचा ब्लाऊज द्यावा!

ओल्या केसांनी त्यांनी ट्रंक उघडली. तळाशी साखरपुड्याचा अंजिरी ब्लाऊज होता, बत्तीस वर्षांपूर्वीचा. तो समोर धरून त्यांनी आरशात पाहिलं. ब्लाऊजमागे बाई म्हणजे हातरुमालामागे पडवी दिसावी तशा दिसत होत्या. पण बाई खूश झाल्या. ठरलं, एवढंच करून घ्यायचं.

अडचण एकच. काखेत शिवण उसवली होती. उसवलेलं कापड घेऊन शिकल्यासवरल्या डॉक्टरपुढे कसं जायचं? म्हणून त्यांनी वाडीत सुपारी सोलायला येणाऱ्या मनुबाईच्या हाती तो केसरबेनच्या शिंपीकामाच्या दुकानात पाठवला. उसवलीय तेवढी शिवण घालून आणायला सांगितलं होतं. पण गेली वीस वर्षं बाईंचे ब्लाऊज मनुबाईच नेऊन टाकत होती. तिनं नेहमीसारखी पिशवी ठेवली, पानाला चुना मागितला आणि निरोप न सांगताच चालती झाली.

आणि केसरबेनच्या फळीवर बाईंच्याच साड्यांचे सहा ब्लाऊजपीस महिनाभर पडून होते. पुतण्या सुश्रुतचं लग्न जवळ आलं होतं. केसरबेन मापाची वाटच पाहत होती. कापडाशिवाय नुसता ब्लाऊज आला म्हणजे तो मापालाच आला, हा तर शिंपीकामाचा धर्म. तिनं टेप लावली. चष्मा पुसून पुन्हा लावली. मग मनाशी म्हणाली, टीचर गणिताच्या, मापात चुकायच्या नाहीत. आणि सहाच्या सहा कापले.

कापता कापता येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तिनं तो अंजिरी ब्लाऊज दाखवला. टीचरचं नवीन माप, बघा.

संध्याकाळपर्यंत गावात दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, बाईंनी कसलं तरी डाएट केलंय आणि कोणाला सांगत नाहीत. दुसरा म्हणे, बाईंना काहीतरी मोठं दुखणं आहे. दुसऱ्या दिवशी बाई रस्त्यावर दिसल्या त्या होत्या तेवढ्याच. तेव्हा डाएटवाला पक्ष बारगळला आणि दुखणंवाल्यांनी निकाल दिला: आत काही उरलेलं नाही, वरून दिसते ती नुसती सूज.

मग रीघ लागली. कोणी शहाळी आणली, कोणी नाचणीची आंबील. मनुबाईनं कुळथाचं कढण पाजलं आणि डोळ्याला पदर लावून म्हणाली, "बाई, तुमी घाबरू नका. माझी नणंद बी अशीच सुजली व्हती. लई शांतपणी गेली." मुख्याध्यापकांनी रजेचा अर्ज न मागताच मंजूर केला. नववी ब नं तर सहामाही परीक्षेचा पेपर सोपा यावा म्हणून जी प्रार्थना राखून ठेवली होती, ती बाईंवर खर्च केली. बाईंना वाटलं, आपल्या निवृत्तीची दोन वर्षं आधीच तयारी चाललीय.

सुपारीच्या वखारीत चौघांनी महादेवरावांच्या पाठीवरून हात फिरवला आणि धीर धरायला सांगितलं. ते घरी आले, स्वयंपाकघरात गेले आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतः चहा करून बाईंपुढे ठेवला. तेव्हा मात्र बाई हादरल्या.

"अनू, मला खरं सांग. डॉक्टरनी किती दिवस दिलेत?"

"पंधरा. विचार करायला."

"कसला विचार?"

बाईंनी मग सगळं सांगितलं. खांदे, मान, डॉक्टर, अंजिरी ब्लाऊज. महादेवराव चहाच्या सायीकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे ती पपनसं..."

"हो."

"आपल्या वाडीत माड वाकला तर मी टेकू देतो. तुझं एवढं दुखतं ते मला दिसलं नाही."

"टेकू देणाऱ्या कंपन्या आहेत की," बाई म्हणाल्या. "वर्षाला चार आणते. चारही मोडतात."

दुसऱ्या दिवशी त्या ब्लाऊज आणायला गेल्या, तर केसरबेननं हसत सात ब्लाऊज पुढे केले. अंजिरीची उसवलेली शिवण तिनं आपणहून दुहेरी घातली होती, जन्मात सुटायची नाही अशी. नव्या सहांत आत वाढवायला कापडच ठेवलं नव्हतं. "टीचर, मला भरोसा हाय, तुमी आता परत वाढणार नाय." सुश्रुतच्या लग्नात पुढे बाईंनी सहा साड्यांवर एकच काळा ब्लाऊज फिरवला. सूजवाल्यांना तो सुतकाची तयारी वाटला.

पनवेलला डॉक्टरांच्या टेबलावर बाईंनी अंजिरी ब्लाऊज पसरला आणि आयुष्यभराच्या सवयीनं म्हणाल्या, "असाच. फक्त आत दोन बोटं माया ठेवा, पुढेमागे लागली तर."

डॉक्टरांनी ब्लाऊज उचलला. तो किती वर्षांचा ते विचारलं. मग शांतपणे समजावलं, की अमुक मापाचा ब्लाऊज बसेल असं वचन कोणताही सर्जन देऊ शकत नाही. किती काढता येईल ते रक्तपुरवठ्यावर, त्वचेवर, बांध्यावर असतं. व्रण राहतात. अगदी टोकाचं लहान करायला गेलं तर आकारही बिघडतो. बाईंना हे पटलं नाही. फळ्याशी येऊन गणित चुकलंय असं सांगणाऱ्या पोराकडे बघावं तसं त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. मी घालूनच दाखवते, म्हणाल्या, म्हणजे कुठे किती अडतंय ते तुम्हालाही दिसेल.

आणि पडद्याआड गेल्या.

उजवा हात बाहीत गेला. डावा गेला. कोपराच्या वर चार बोटं दोन्ही बाह्या गेल्या आणि तिथे थांबल्या. बाईंनी जोर लावला. बाह्या पुढे सरकेनात, मागे येईनात. खांदे मागे ओढले गेले, हात पाठीशी आवळले गेले आणि चौल हायस्कूलच्या ज्येष्ठ शिक्षिका आठवडी बाजारात न्यायला बांधलेल्या कोंबडीसारख्या उभ्या राहिल्या. शिवण उसवावी म्हणून त्या हिसका देत होत्या. पण केसरबेनचा हात तो, दोरा कुरकुरलासुद्धा नाही.

"झालं का?" बाहेरून डॉक्टरांनी विचारलं.

"झालं," बाई म्हणाल्या. "आता तुम्ही आत या."

डॉक्टर आल्या, मागून सिस्टर आली. दोघींनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"बाई," डॉक्टर म्हणाल्या, "हा ब्लाऊज अजून छातीपर्यंत पोचलेलाच नाही. दंडातच अडलाय. दंडही कमी करू का?"

बाईंनी मान वळवून दंडाकडे बघायचा प्रयत्न केला.

"आणि बरगड्या? त्या बत्तीस वर्षांत रुंदावल्या आहेत. मला त्या कापता येत नाहीत. हे माप धरून बसलात, तर मी ऑपरेशन करणार नाही. तुम्ही कितीही चांगलं करून घेतलंत तरी तुम्हाला फसवल्यासारखंच वाटेल."

बाईंनी मनात हिशेब मांडला. इथून असंच परत गेलो, तर पुन्हा तेच खांदे, तीच मान. मरेपर्यंत. सिस्टर कात्री आणायला निघाली तेव्हा डॉक्टरांनी तिला ऑपरेशनचीच आणायला सांगितली. ही शिवण साध्या कात्रीचं काम नव्हतं.

कात्री येईपर्यंत डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि विचारलं, "माप राहू द्या. आज जे करता येत नाही आणि करायचंय, असं काय आहे?"

एकतीस वर्षं हातवारे करून शिकवणाऱ्या बाईचे हात पाठीशी बांधलेले असले, की तिला थापा मारता येत नाहीत.

"फळ्याच्या खालच्या ओळी लिहायच्यात," बाई म्हणाल्या. "पालथं झोपून पेपर वाचायचाय. एसटी सुटताना दिसली तर निदान चार पावलं धावायचंय."

"आणि?"

"आणि खांदे दुखले नाहीत असा एक दिवस. तो कसा असतो ते मी विसरलेय हो."

डॉक्टरांनी ते सगळं फाइलवर लिहून घेतलं. "हे माप मला कळतं," म्हणाल्या. "प्रत्येक बाजूनं साधारण सहाशे-सातशे ग्रॅम काढावं लागेल."

"साधारण म्हणजे नेमकं किती?"

"साधारण म्हणजे साधारण, बाई."

अनुसूयाबाईंनी मान डोलावली. गणित विषयाच्या इतिहासातली ती मोठी शरणागती होती. मग सिस्टरनं कात्री चालवली आणि बाईंच्या अंगावरची पहिली शस्त्रक्रिया भूल न देता पार पडली.

दुसरी, खरी, दिवाळीच्या सुट्टीत झाली. शुद्ध येताच बाईंनी पहिला शब्द उच्चारला, "किती?" उजवीकडून सातशे दहा, डावीकडून सहाशे चाळीस. गुंगीतच त्यांनी बेरीज केली, एक किलो तीनशे पन्नास. महादेवराव खाटेशी बसले होते. ते म्हणाले, "तीन सोललेले नारळ. घेऊन फिरत होतीस." आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

सहा आठवड्यांनी बाई घरच्या आरशासमोर उभ्या राहिल्या. खांदे इतके हलके, की त्यांनी हात लावून खात्री केली, आहेत ना. जरा रडल्या. रडून झाल्यावर, तीस वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी मान खाली घालून सरळ खाली पाहिलं. पाय दिसतील अशी अपेक्षा होती.

पाय दिसले नाहीत. मध्ये काहीतरी होतं. गोल, भरदार आणि पूर्णपणे अनोळखी.

आता मापाला द्यायला घरात नीट बसणारा एकही ब्लाऊज उरला नव्हता, म्हणून केसरबेन स्वतः टेप घेऊन घरी आली. छाती अडतीस. बाईंनी नजरेनं अडतीसच धरली होती, त्या खूश झाल्या. मग टेप खाली सरकली आणि सरकतच राहिली. केसरबेननं फेरी पूर्ण केली, आकडा वाचला, बाईंकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "टीचर, हे नवीन हाय काय?"

"नाही हो केसरबेन," अनुसूयाबाई म्हणाल्या. "जुनंच आहे. इतकी वर्षं सावलीत होतं."