धुडकूआबांच्या मोटारीतली लोटी

धुडकूआबांच्या मोटारीत मागच्या सीटवर माणूस बसलेला मी पाहिलाच नव्हता. तिथे पितळी लोटी बसायची. काठोकाठ पाण्यानं भरलेली, खाली चुंबळ, आणि पुढे आबा टोपी घट्ट बसवून मोटार हाकताहेत. गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं, उतरून सीटवर हात फिरवायचा. हात ओला झाला की कपाळ बडवून घ्यायचे, "सांडनं!"

मी जळगावची. लग्न होऊन धुळ्यात आले, तेव्हा हा तमाशा बघून सासूबाईंना हळूच विचारलं, "हे आबा बरे आहेत ना?"

"बरा शे," त्या म्हणाल्या. "जरासा सटकेल शे."

आबांचं घर आमच्या भिंतीपलीकडे. बायको केव्हाच वारलेली, मूलबाळ नाही. गावाबाहेर कपाशीचं शेत, एक बैलजोडी, आणि कुणा साहेबानं देश सोडताना फुकापासरी विकलेली ही मोटार. पिंपळनेरला दिलेल्या थोरल्या बहिणीला, अक्काला, आखाजीला माहेरी आणायचं, तेही याच मोटारीतून, हा त्यांचा एकच ध्यास. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्या खानदेशात लेकीबाळी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. अक्का मात्र कित्येक वर्षांत आल्या नव्हत्या. "औंदा अक्काले मोटारमा लई येसू," आबा दरवर्षी म्हणत, आणि आखाजी तशीच निघून जाई.

"अहो आबा, मोटार चालतेय की," आमचे हे म्हणायचे. "जा, घेऊन या."

"चालस," आबा मान हलवायचे, "पन हालस!"

आता यावर काय बोलणार? मोटार म्हटली की हलायचीच, तो काय देव्हारा आहे? पण ऐकतील तर आबा कसले! त्या वर्षी त्यांना कुठून कळलं कोण जाणे, की दोंडाईच्याला अशीच एक मोटार झाडावर आपटून निकामी झालीय, इंजिन मात्र शाबूत आहे. आबांच्या मते हादरे सगळे आपल्या जुन्या इंजिनाचे. आबा बैलगाडी जुंपून गेले आणि सरकीच्या पोत्यांमध्ये बसवून ते इंजिन घरी घेऊन आले. आखाजी तोंडावर आलेली. गल्लीतल्या पुरुषांना काय, निमित्तच हवं होतं. सगळे बाह्या सरसावून हजर. जुन्या इंजिनाचे नटबोल्ट ठेवायला परात हवी म्हणून आमच्या ह्यांनी माझी कणकेची परात उचलून नेली. मला विचारलं? छे!

इंजिन उचलायचं कशानं? आबांनी विहिरीवरचं मोटेचं चाक आणलं आणि अंगणातल्या निंबाच्या जाड फांदीला टांगलं. नेमकी झोक्याची फांदी! माझ्या दोन नणंदा दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या. मी भिंतीवरून ओरडले, "आबा, पोरींनी झोका काय इंजिनाला बांधायचा?"

"रागे नको भरू सूनबाई. आते उतरी जाई."

चाकावरून मोटेचा जाड नाडा घेतला, एक टोक इंजिनाला, दुसरं बैलांना. आबांनी हाक दिली. बैल पुढे चालले, इंजिन मोटारीतून डुलत वर आलं, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. आता मोटार मागे ढकलायची, एवढंच. पण ते बैल जन्मभर मोट ओढणारे! मोट वर आली, क्षणभर थांबायचं, पाणी ओतलं गेलं की मागं मागं सरायचं. ते थांबले, आणि शहाण्यासारखे मागं सरकले. इंजिन पुन्हा मोटारीत. पुन्हा ओढलं, पुन्हा वर, पुन्हा मागं. मोटार ढकलायला वाकलेली माणसं दरवेळी जीव मुठीत धरून बाजूला पळत होती. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं.

आबा मात्र रडकुंडीला आले. "बैलले काय कळस, खाले हीर नही शे, मोटार शे!"

त्यांचा चेहरा बघून माझं हसू पळालं. कुरडयांसाठी गहू वाटले होते, त्याचा चोथा घमेलंभर पडला होता. मी ते घमेलं उचललं आणि बैल पुढे येऊन थांबले, तसं त्यांच्या तोंडासमोर आदळलं. घ्या! खाण्यात तोंड बुडाल्यावर मागं कोण सरतोय? मोटार मागं गेली, जुनं इंजिन जमिनीवर आलं.

नवं बसवताना मात्र तीच खोड कामाला आली. घमेलं काढून घेतलं आणि बैल असे हलके, असे बेतानं मागं सरले की इंजिन आपल्या जागी अलगद टेकलं.

नटबोल्ट आवळून झाले. आबांनी लोटी भरली, गल्लीतून फेरी मारली, सीटवर हात फिरवला. कोरडी! त्यांनी तो हात सगळ्यांना दाखवला आणि लोटी घेऊन घरात गेले. पहाटे उठून ते पिंपळनेरला निघाले.

संध्याकाळी मोटार परतली ती मुंगीच्या पावलांनी. मागच्या सीटवर जाड गादी, तिच्यावर पिकल्या केसांच्या अक्का. आबांनी त्यांना दोन्ही हातांवर उचलून खाली घेतलं. तेव्हा सासूबाईंनी मला सांगितलं. कित्येक वर्षांपूर्वी माडीवरून पडून अक्कांची कंबर मोडली होती. बसता यायचं, धक्का सोसायचा नाही. एका आखाजीला आबा बैलगाडीतून आणायला गेले, तर शिवेपर्यंत येतायेताच त्या कळवळून बेशुद्ध पडल्या आणि गाडी परत फिरवावी लागली. तेव्हापासून माहेर तुटलं.

आणि आम्ही त्या लोटीला हसत होतो!

नणंदांनी झोका बांधून ठेवला होता. अक्का म्हणाल्या, बसायचं. आबांनी पाटावर गादी घातली, त्यांना बसवलं आणि दोर दोन्ही हातांनी गच्च धरून उभे राहिले. झोका जागचा हलेना.

"धुडक्या," अक्का म्हणाल्या, "झोका शे ना रे हाऊ? हालाव ना!"

आबांनी डोळे पुसले आणि हळूच हलवला.