भानुदासनानांची बोलती घरं

"मास्तरीन, चहा झाला का न्हाई? पाव्हने कवाचे बसलेत!"

माझ्या माहेरच्या बंद घरातून हा आवाज आला तेव्हा मी ओट्यावर उभी होते, हातात नगरजवळच्या केडगावातल्या माझ्या घरून आणलेली पिशवी होती, आणि ज्या मास्तरीणबाईंना हा प्रश्न होता त्या माझ्या आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. पाठोपाठ माझ्या वडिलांचा खोकला ऐकू आला. वडील तर आईच्याही आधी गेलेले. दोन कोरडे ठसके, मग घसा खाकरणं, मग समाधानाचं एक "हां". अगदी तसंच. मी शाळेत विज्ञान शिकवते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण त्या दिवशी पिशवी तिथंच टाकून मी ओट्याच्या पायऱ्या उतरले होते, हे कबूल केलेलं बरं.

मग धीर करून दार ढकललं, तर आत गल्लीतले भानुदासनाना एकटेच चटईवर बसून शेंगा सोलत होते. मला बघून ओशाळणं वगैरे काही नाही.

"आलीस का सुमे? बरं झालं. खोकला जमला का सांग. तुज्या बापाचा खोकला लई अवघड. शेवटचं 'हां' निसटतं माज्याकडून."

त्यांना काय सांगणार? खोकला जमला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

आमचं गाव पाथर्डी तालुक्याच्या कडेला. दिवाळी झाली की निम्मं गाव ट्रकमध्ये बिऱ्हाड भरून ऊसतोडीला निघतं. कुणी कोल्हापूरकडे, कुणी पार कर्नाटकात. उरलेल्यांपैकी शिकलेले आमच्यासारखे नगरला नाहीतर पुण्याला. मग होळी होईपर्यंत गल्लीत एकाआड एक कुलूप. एका हिवाळ्यात लागोपाठ तीन घरं फुटली. फार मोठं घबाड नव्हतं. पितळेची भांडी, गॅसची टाकी, पोरीच्या लग्नासाठी जपून ठेवलेलं एक लुगडं. पण पाच महिने ऊस तोडून, हात फाडून घेऊन आलेली बाई कुलूप उघडायला जाते आणि कुलूपच नसतं, हे ज्यांनी पाहिलं ते विसरले नाहीत. नाना विसरले नाहीत. नुकतेच ते एसटीतून निवृत्त झाले होते, जन्मभर कंडक्टर. हातांना काम नव्हतं आणि आवाज तर असा की मागच्या दारातला माणूस पुढच्या दारापर्यंत सरकावा.

त्यांनी एक सिद्धांत मांडला. तो ते भेटेल त्याला ऐकवत.

"रिकाम्या गाडीत प्रवासी चढत न्हाई. त्याला वाटतं, ही गाडी कुठंच जायची न्हाई. अन् रिकाम्या घरात चोर चढतो. इलाज दोन्हीचा एकच. भरल्याली दिसली पायजे. घर बोलतं पायजे, घर!"

तेव्हापासून गावातल्या बंद घरांच्या चाव्या नानांकडे. ठेवायच्या कुठं, तर जुन्या कातडी तिकिटाच्या पिशवीत. ती खांद्याला अडकवून ते सकाळी निघायचे. घरांना ते स्टॉप म्हणत. सकाळी पहिली फेरी, दिवेलागणीला दुसरी. "बाजीरावच्या स्टॉपला आज उशीर झाला," असं म्हणत ते लगबगीनं चालताना दिसायचे. अंगणात पाणी मारायचं, दारात चपला काढायच्या, दोरीवर कपडे टाकायचे, आत जाऊन थोडा धूर करायचा आणि मग बोलायचं. प्रत्येक घरचं बोलणं वेगळं. आमच्याकडे खोकला आणि चहा. पुण्याला गेलेल्या इंजिनियरच्या घरात ते कानाला हात लावून येरझाऱ्या घालत मोठमोठ्यानं "हॅलो, येस, ओके, मीटिंग, मीटिंग" करत. बाजीराव आणि त्याची बायको छाया ऊसतोडीला गेले की त्यांच्या घरात रोज भांडण. मी विचारलं, "नाना, त्यांच्याकडेच भांडण का?" तर म्हणाले, "त्यांच्या घरात भांडान न्हाई झालं तर चोराला संशय येईल."

कपड्यांवरून एकदा मोठा घोळ झाला. एकच लुगडं रोज एकाच दोरीवर दिसलं तर चोर ओळखतो, म्हणून नाना कपडे घराघरांतून फिरवायचे. त्यात बाजीरावच्या दोरीवर कुठल्या तरी घरातलं झबलं आणि दुपटी वाळत पडली. आशाताईंनी ती रस्त्यावरून पाहिली. त्या बिचाऱ्या लशीचा डबा घेऊन, बाळ कधी झालं म्हणून दारात हजर. आत धूर, भांडणाचा आवाज, आणि दार उघडलं तर नाना. पण तोवर बातमी गावात फिरून फोनवरून कर्नाटकात पोचली होती. बाजीराव महिन्याभरापूर्वी बैलाचं औषध न्यायचं निमित्त करून तीन दिवस एकटाच गावी येऊन गेला होता. छायानं उसाच्या फडातच कोयता खाली ठेवला आणि विचारलं, "माज्या घरात ल्येकरू कुनाचं?" नानांना फोनवर खंडोबाची आण घ्यावी लागली. तरी छायाचा विश्वास बसेना, कारण आपल्यामागं गावातल्या घरात नाना तिच्याच नवऱ्याच्या आवाजात भांडायचे हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्या दिवसापासून लहान पोरांचे कपडे बंद.

दुसऱ्यांनी भेटल्यावर पावसापाण्याची चौकशी करावी तशी नाना चोरीची करत. मी गेले की पहिला प्रश्न, "केडगावात काय गेलं?" कुणाची मोटारसायकल गेली, कुणाची साखळी गेली, हे सांगितलं की ते मान डोलवत. आठवडाभरात काहीच गेलं नसेल तर त्यांचा चेहरा पडायचा. शेवटी मी मनानंच एखादी सायकल चोरीला घालवू लागले. त्यावर ते लगेच विचारत, "घर बोलतं हुतं का?" आणि नव्हतं म्हटलं की खुश.

नानी होत्या तेव्हा या सगळ्याला चांगल्या हसायच्या. "माज्याशी बोला म्हनलं तर घुम्यावानी बसत्यात," त्या मला सांगायच्या, "अन् लोकाच्या भिंतीशी गप्पा मारत्यात." असं म्हणायच्या आणि नानांच्या फेरीसाठी शिळ्या भाकरीचा कुस्करा फडक्यात बांधून द्यायच्या. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात नानी गेल्या. एकच मुलगी, ती लांब जळगावकडे दिलेली. तेराव्यानंतर नानांनी आणखी चाव्या मागून घेतल्या. दोन फेऱ्यांच्या चार झाल्या. बरं झालं, माणूस रमला, असं आम्ही सगळे म्हणालो. मीही म्हणाले. नानांच्या दाराला कुलूप दिसलं की लोक म्हणायचे, फेरीवर असतील.

त्यांच्या ताब्यातल्या एकाही घरातून कधी चमचासुद्धा गेला नाही. हीच नानांची इस्टेट. आजूबाजूच्या गावांत विहिरीवरची मोटार, केबल, शेळ्या असं काहीबाही जायचं; आमच्या गावाची पाटी कोरी. पोलीस ठाण्याच्या साहेबांनी बैठकीत तसं बोलून दाखवलं, आणि सरपंचांनी दुसऱ्याच दिवशी वेशीवर फ्लेक्स लावला, "चोरीमुक्त गाव". त्यावर सरपंच उभे, आडवे, हात जोडलेले, हात हलवणारे. खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे नाना, कंडक्टरच्या टोपीत, जुन्या ओळखपत्रावरचे. नाना दिवसातून दोनदा तो फ्लेक्स बघून यायचे. "बारीक हाय, पर हाय," म्हणायचे.

यंदा संक्रांतीनंतर एका रविवारी मी गावी गेले. नाना आमच्याच घरी होते. खोकला झाला, चहा झाला, केडगावातली एक सायकल चोरीला गेली. इतक्यात गल्लीच्या टोकाला राहणारी पारूबाई धावत आली. तिची शेळी सुटली होती. शोधत गेली तर शेळी निघाली नानांच्या घरातून. दाराचा कोयंडा उचकटलेला, कुलूप खाली पडलेलं. चोरी केव्हा झाली ते कुणालाच माहीत नव्हतं.

नाना जागेवरून उठले, पुन्हा बसले, मग उठून चालू लागले. मी त्यांच्या मागून गेले. दाराशी आले आणि बाहेरच थांबले.

तासाभरात सगळं गाव तिथं जमलं, म्हणजे जे काही शिल्लक होतं ते. सरपंच आले, त्यांच्यामागून मोटारसायकलवर हवालदार. सरपंचांचा चेहरा सुतकी. त्यांनी नानांना बाजूला घेतलं, तरी आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"नाना, नोंद कशाला करता? गावाचं नाव जाईल. काय भांडीकुंडी गेली ती आपन भरून देऊ. तुमचाच फोटो हाय बोर्डावर, इचार करा."

"न्हाई," नाना म्हणाले. "दुसऱ्याचं घर असतं तर नोंद केली असती का न्हाई?"

हवालदार वही घेऊन आत शिरला आणि नानांना हाक मारली. नाना उंबऱ्याच्या आत आले, पण भिंतीला टेकून तिथंच उभे राहिले.

"काय काय गेलं, सांगा."

भेटेल त्याला हे विचारणाऱ्या माणसाला सांगता येईना. फळीकडे बघत ते म्हणाले, "पितळंचं डबं असत्यात हितं. असतील. हंडा कुठं ठिवला हुता तिनं, कुनास ठाऊक."

हवालदार स्वभावानं वाईट नव्हता, पण त्याला दिसत होतं ते आम्हालाही दिसत होतं. शेगडीवर कोळ्यानं जाळं विणलं होतं. माठ कोरडा ठणठणीत. अंथरुणाची वळकटी सुतळीनं बांधून कोपऱ्यात उभी, तिच्यावर बोटभर धूळ. जमिनीवरच्या धुळीत पावलं उमटलेली दिसत होती ती चोराची आणि शेळीची.

"नाना, तुमी हितं ऱ्हाता ना?" हवालदारानं विचारलं.

"ऱ्हात्यात म्हंजे? गावातच असत्यात की चोवीस तास," सरपंच मध्येच म्हणाले.

"तसं न्हाई, साहेब. लिहायला फरक पडतो. ऱ्हातं घर लिहू का बंद घर?"

नानांनी खांद्यावरची चाव्यांची पिशवी उगाच सारखी केली.

"बाजीरावच्या घरात मी भांडतो," ते म्हणाले. आवाज इतका खालचा की तसा मी पहिल्यांदाच ऐकत होते. "छाया उत्तर देत न्हाई. पर मला त्याचं काय वाटत न्हाई. ती तिकडं ऊस तोडतीया. होळीला येनार, मंग माज्यावरच भडकनार. इंजिनियर बी गनपतीला येतो. ही सुमी येतीच. कोन ना कोन यायचं असतं. हितं मी एकदाच बोललो. तेरावं झालं, सगळी गेली, अन् मी 'अगं' म्हनलं. जरा वेळ थांबलो. मंग कुलूप लावून भायेर आलो."

पारूबाईनं पदर तोंडाला लावला. "मंग जेवता कुठं नाना?"

"ज्याच्या घरात असंन तिथं. झोपतो बी तिथंच."

सरपंच खाली पडलेलं कुलूप उचलून हातात फिरवत राहिले.

"मंग काय लिहू?" हवालदारानं हळूच विचारलं. त्याला ते विचारणं जड जात होतं.

"बंद लिहा," नाना म्हणाले.

त्यानं लिहिलं. पंच म्हणून दोघांच्या सह्या लागत होत्या. एक सरपंचांनी केली, दुसरी मी. महिन्यातून एकदा मी गावी येत होते. नाना माझ्या आईला हाक मारायचे, वडिलांचा खोकला काढायचे, मी चहा करायचे, पोटभर हसायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. त्यांच्या घरी चला, असं मी एकदाही म्हटलं नव्हतं. गावातही कुणी म्हटलं नव्हतं. दोन वर्षांत त्या दारातून आत गेलेला पहिला माणूस चोर होता.