विषय : कोच ब्रॅनिगन यांना ठेवण्याबाबत

केटरिज कॉलेजचा फुटबॉल संघ (खेळ अमेरिकन, म्हणजे चेंडू हाताने फेकायचा किंवा घेऊन पळायचा) त्या मोसमात नऊपैकी आठ सामने हरला. उरलेला एक आम्ही जिंकलो, कारण समोरच्या संघात कांजिण्यांची साथ आली आणि तो मैदानात उतरलाच नाही. त्या विजयाची गावातून मिरवणूक निघाली आणि तिच्या अग्रभागी मी होतो.

संघाचं नाव 'वादळ'. आयोवाच्या आमच्या भागात वादळाची कमतरता नाही. मैदानावर मात्र दोन वर्षं पानसुद्धा हललं नव्हतं. दोष कोणाचा, याबद्दल गावात एकमत होतं. लॉइड ब्रॅनिगन सहा वर्षं मुख्य कोच होता. पहिली चार वर्षं तो जिंकत होता, तेव्हा त्याचं श्रेय आम्ही पोरांना, प्रेक्षकांना आणि हवामानाला दिलं होतं. आता तो हरत होता, आणि ते सगळं त्याच्या एकट्याच्या कर्तृत्वावर.

मी रसेल व्हॅन हाउटन, गावातला दंतवैद्य. फुटबॉलमधला माझा अधिकार मोठा आहे. कॉलेजात असताना मी संघात होतो आणि एक सामना हरल्याचं पक्कं झाल्यावर मला शेवटची दोन मिनिटं उतरवलं होतं. त्या दोन मिनिटांच्या अनुभवावर मी गेली चाळीस वर्षं बोलतो आहे. त्याच बळावर मी गावच्या साप्ताहिकाला कोचविरुद्ध चौदा पत्रं लिहिली.

"लग्नाआधी मलासुद्धा इतकी लिहिली नव्हतीस," डोरीन, माझी बायको, म्हणाली.

"तेव्हा परिस्थिती इतकी गंभीर नव्हती."

चौदाव्या पत्रानंतर कॉलेजच्या अध्यक्षा डॉ. कॉन्स्टन्स टिबेट्स यांनी बोलावून घेतलं. मला वाटलं, कानउघाडणी होणार. त्यांनी 'मुख्य प्रशिक्षक सातत्य पुनर्विलोकन समिती' नेमली होती आणि मी तिचा सचिव झालो होतो.

"मॅडम, मला त्यातलं फारसं..."

"तुमची पत्रं वाचली मी. तुम्ही निःपक्षपाती आहात. तुम्ही प्रत्येक सामन्यानंतर सारखंच लिहिता."

समितीत तिघे होतो. दुसरा गस पेलेरिन, ट्रॅक्टर विकणारा. मैदानावरचा गुणफलक त्यानेच कॉलेजला भेट दिला होता, आणि त्यावर आपल्या बाजूचा आकडा बदलत नाही हे त्याचं खरं दुखणं होतं. "लोकांना वाटतं, दिवे गेलेत," तो म्हणायचा. "धंद्यावर परिणाम होतो, डॉक्टर." तिसऱ्या प्राध्यापक इंग्रिड सोल्वे. त्या गणित शिकवायच्या आणि फुटबॉलमधलं आपल्याला काही कळत नाही, असं उघड सांगायच्या. अशा माणसाला समितीत का घेतलं, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिल्या तीन बैठका 'विजय' या शब्दाची व्याख्या ठरवण्यात गेल्या. चौथ्या बैठकीत मुलाखतीसाठी प्रपत्र तयार झालं. पाचव्या बैठकीआधीच ब्रॅनिगनची दाढ दुखायला लागली. गावात दंतवैद्य मी एकटाच. वेळ वाया जाऊ नये म्हणून मी प्रपत्र ट्रेमध्ये कापसाच्या बोळ्यांशेजारी ठेवलं.

"कोच, तोंड उघडा. आणखी मोठं. हां. तर गेल्या सामन्यात शेवटच्या डावाला चेंडू फेकायचा निर्णय कुणाचा?"

"आं."

"घेऊन पळता आला असता ना?"

"आं! आं!"

मी नोंद केली : 'प्रशिक्षकांनी समाधानकारक उत्तर दिले नाही. आवाज चढवला.'

तोंड मोकळं झाल्यावर तो गाल चोळत म्हणाला, "रसेल, मी सांगत होतो की दुखतंय."

"आणि चेंडूचं?"

"चेंडू फेकणारा आमचा पोरगा, कॅलम. त्याची आई दोन महिने दवाखान्यात आहे. तो रोज ऐंशी मैल जाऊन येतो. सरावाला उभ्या उभ्या झोपतो. त्याला बसवलं तर तो कॉलेज सोडून जाईल. मग मी त्याला खेळवतो. हरतो आम्ही, ते दिसतं मला. माझी पोरं पदवी घेऊन बाहेर पडतात, एवढं मात्र लिहून घे."

मी प्रपत्र उलटंसुलटं करून पाहिलं. त्यासाठी रकाना नव्हता. मी त्याला सांगितलं, त्या बाजूने दोन दिवस काही चावू नका.

मोसमाचा शेवटचा सामना विनस्लो कॉलेजशी होता. विनस्लो नदीपलीकडे, आणि त्यांच्याशी आमचं वैर इतकं जुनं की त्याचं कारण दोन्ही गावांत कुणाला ठाऊक नाही. सामन्याआधी अध्यक्षांनी एक तात्त्विक अडचण मांडली. ज्याच्या निर्णयशक्तीबद्दल चौकशी चालू आहे, त्याला निर्णय घेऊ देणं योग्य नाही. पण त्याला निलंबित केलं तर चौकशी कशाची करायची? तेव्हा परिपत्रक निघालं : कोच आपल्या पदावर राहतील, मात्र प्रत्येक डावाला समितीची पूर्वमान्यता घेतील.

"प्रत्येक डावाला?" सोल्वेबाईंनी विचारलं. "एका सामन्यात साठ-सत्तर डाव असतात ना?"

"म्हणून तर समिती लहान ठेवली," अध्यक्षा म्हणाल्या.

शनिवारी दुपारी आम्ही तिघे प्रेक्षकांच्या वर, काचेच्या खोलीत बसलो. खाली मैदानाच्या कडेला ब्रॅनिगन आमच्या फोनचं यंत्र कानाला लावून उभा. नियमाप्रमाणे एक डाव संपला की पुढचा चाळीस सेकंदांत सुरू व्हावा लागतो. आमच्या नियमाप्रमाणे आधी प्रस्ताव वाचायचा, मग चर्चा, मग मतदान.

"कोच विचारतायत, फेकू का?" मी म्हणालो.

"पळा म्हणावं," गस म्हणाला. "माझ्या वेळी सगळे पळायचे."

"तू कधी खेळलास?"

"मी बघत होतो. तूही बघतच होतास की, दोन मिनिटं सोडली तर."

"आधी मला सांगा, फेकल्यावर किती वेळा यश येतं?" सोल्वेबाई म्हणाल्या. "आकडे कुठे आहेत?"

खाली शिट्टी वाजली. वेळ संपली. दंड म्हणून आमच्या पोरांना पाच यार्ड मागे नेलं. पुन्हा प्रस्ताव, पुन्हा चर्चा, पुन्हा पाच यार्ड मागे. आपल्या गोलरेषेपासून वीस यार्डांवर उभा असलेला संघ, समोरच्यांनी बोट न लावता, दहा यार्डांवर आला. पंच कोचपाशी जाऊन काहीतरी विचारू लागले. बहुधा तब्येतीची चौकशी असावी. कोचने वर आमच्याकडे बोट दाखवलं. गसने प्रेक्षकांना हात केला.

दहा यार्डांच्या आत आल्यावर दंड म्हणून उरलेल्या अंतराच्या निम्मंच मागे नेतात. आम्ही पाचवर आलो, मग अडीचवर, मग सव्वावर. सोल्वेबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "या गतीने आपण कायम मागे जात राहिलो, तरी आपल्या गोलरेषेच्या पलीकडे कधीच जाणार नाही."

ही एकच दिलासादायक गोष्ट होती. मी ती 'बचावातील चिकाटी' या शीर्षकाखाली नोंदवली.

मध्यंतराला विनस्लो एकतीस, आम्ही शून्य. गस फलकाकडे बघून सुस्कारे टाकत होता. तिसऱ्या सत्रात त्याला ते बघवेना, म्हणून तो खालच्या टपरीवरून चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा रस्सा, आणि दालचिनीचा रोल आणायला गेला. प्रेक्षकांपैकी निम्मे सामना सोडून तिथेच रांगेत उभे होते. समितीच्या गणपूर्तीला तिघेही लागत, आणि गस गेल्यामुळे ती राहिली नाही. गणपूर्ती नसताना निर्णय कळवणं नियमबाह्य होतं. मी फोन खाली ठेवला आणि आम्ही दोघे काचेतून शांतपणे बघत बसलो.

गस अकरा मिनिटं रांगेत होता. त्या अकरा मिनिटांत ब्रॅनिगनने कानातलं यंत्र दोनदा हलवून पाहिलं, वर बघितलं, आणि काढून खिशात टाकलं. मग तो कॅलमच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला. पोरगा हसला. त्याने चेंडू असा फेकला की मी खुर्चीतून उठलो. एकदा अकराच्या अकरा गडी ओलांडून, एकदा थेट कोपऱ्यात. चौदा गुण! गुणफलकावर आमच्या बाजूचा आकडा बदलला. लोक रांग सोडून धावत आले. मी सोल्वेबाईंना मिठी मारली. त्यांनी ती आकस्मिक घटना म्हणून सोडून दिली.

लोक रांग सोडून आल्यामुळे गसचा नंबर लागला. तो रोल चघळत वर आला आणि गणपूर्ती झाली. सामना आम्ही पंचेचाळीस-चौदा असा हरलो.

सोमवारी बैठक झाली. अध्यक्षांनी माझ्या नोंदी वाचल्या आणि कागदावर बोट ठेवलं. "हे चौदा गुण कुणाच्या मान्यतेने झाले?"

कुणाच्याच नाही, असं निघालं.

"म्हणजे अख्ख्या सामन्यात फक्त याच अकरा मिनिटांत कोचनी समितीला डावलून काम केलं, आणि त्याचा पुरावा फलकावर सगळ्या गावाने पाहिला." त्या ब्रॅनिगनकडे वळल्या. "तुम्हाला काही म्हणायचंय?"

तो टोपी हातात घेऊन बसला होता. "फोनवर कुणी नव्हतं, मॅडम. पोरं माझ्याकडे बघत उभी होती. चाळीस सेकंद होते. मी काय करायला हवं होतं?"

"वाट पाहायला हवी होती."

मतदान झालं. कोचला काढावं याच्या बाजूने गस. फलक त्याच्यासाठी पेटला होता, पण त्याला तो बघायला मिळाला नव्हता, आणि हे त्याच्या मनाला फार लागलं होतं. विरोधात सोल्वेबाई. उरलो मी.

खरं सांगायचं तर मला त्या वेळी कॅलमचं हसू दिसत होतं. ब्रॅनिगन माझ्याकडे बघत नव्हता, ते बरं होतं. पण चौदा पत्रं लिहिलेल्या माणसाला पंधराव्यांदा वेगळं बोलणं फार जड जातं. गाव काय म्हणेल? साप्ताहिकाचे संपादक काय म्हणतील? मी हात अर्धाच वर केला. समितीने तो पूर्ण धरला.

सोल्वेबाईंनी तिथल्या तिथे राजीनामा लिहिला. एक ओळ, आकडा एकही नाही.

ब्रॅनिगन नेब्रास्कात एका शाळेत भूगोल शिकवायला गेला. जाण्याआधी दाढेचं उरलेलं काम करून घ्यायला आला. काम झाल्यावर त्याने आरशात पाहिलं, जबडा इकडेतिकडे हलवला. "छान झालंय, रसेल. खुर्चीभोवती समिती नव्हती म्हणून असेल." पैसे देऊन, टोपी घालून तो गेला. मी बराच वेळ हात धूत होतो. कॅलमने पुढच्या महिन्यात कॉलेज सोडलं.

नवा कोच आला. तरुण आहे, कपडे झकास घालतो. पहिले पाच सामने हरला आहे. त्यामुळे समितीला मुदतवाढ मिळाली असून, सोल्वेबाईंची जागा रिकामी आहे.

ती कोणाला द्यावी, यावर आम्ही बराच विचार केला. खेळाचं ज्ञान ही अट काढून टाकली आहे. वाचक म्हणून तुम्ही इथवर आला आहात, तेव्हा ब्रॅनिगनला ठेवायलाच हवं होतं असं तुमचं केव्हाच ठरलं असेल. त्याचा एकही सामना न पाहता, त्याच्याशी शब्दही न बोलता, एका दंतवैद्याच्या भरवशावर, बसल्या जागी.

समितीला नेमकं असंच माणूस हवं आहे. अर्ज शुक्रवारपर्यंत पाठवावा.