आल्ट दाबा आणि सोडा

हेडक्लार्कांचा माउस नेमका त्याच सकाळी बंद पडला. ऑफिसच्या नाटकात कोण काय होणार याची एक्सेलमधली यादी जेवणाच्या सुट्टीआधी सगळ्यांना पाठवायची होती. नाटक साहेबांनी स्वतः लिहिलेलं, राजाही तेच होणार होते, आणि हेडक्लार्कांची बढती त्यांच्याच मर्जीवर अडकलेली.

माउस आपटून, फुंकून, पँटवर घासून झाला. शेवटी त्यांनी मुलीला फोन लावला.

"बाबा, माउस हवाय कशाला? आल्ट दाबा आणि सोडा. वर मेनूवर काय दिसतंय?"

"अक्षरं उगवली गं. प्रत्येक मेनूपाशी एकेक."

"मग जे हवं त्याचं अक्षर दाबा. आत आणखी अक्षरं येतील."

त्यांनी 'ए' दाबलं. डेटाचा मेनू अलगद उघडला आणि आत अक्षरांचं नवं पीक डोलू लागलं. पहिल्यांदा हँडल सोडून सायकल चालवावी तसं त्यांना वाटलं. त्यांनी मथळे ठळक केले, चौकटी आखल्या, राजाची ओळ सोनेरी करून टाकली. शेजारच्या रोखपालबाईंना बोलावून, दोन्ही हात की-बोर्डवर ठेवून, एखाद्या पेटीवादकाच्या रुबाबात सगळं पुन्हा करून दाखवलं.

कुणाचं नाव आधी यावरून दरवर्षी रुसवेफुगवे होत. म्हणून नावं अकारविल्हे लावायची ठरवली. कंट्रोल आणि स्पेसने नावांचा रकाना धरला आणि आल्ट, ए, एस, ए दाबलं. एक चौकट उघडली. शेजारचा रकानाही सोबत घ्यायचा की एवढाच लावायचा, असं ती विचारत होती. पण हात आता थांबायला तयार नव्हते. खालच्या पर्यायात 'सी'खाली रेघ दिसली, त्यांनी 'सी' दाबून एंटर मारलं. नावं शिस्तीत रांगेत उभी राहिली. शेजारच्या भूमिका मात्र होत्या तिथेच राहिल्या, आणि तिकडे त्यांनी पाहिलंच नाही. फाइल जतन केली, बंद केली, सगळ्यांना पाठवली, तीही माउसविना.

थोड्याच वेळात रोखपालबाई लगबगीने आल्या. वर्षानुवर्षं त्यांच्या वाट्याला दासीच येई.

"सेनापतीला मिशी लावू, की तशीच चालेल?" त्यांनी विचारलं.

भोंग्यासारख्या आवाजाचा स्टोअरकीपर राजकन्या झाला होता आणि लाजत होता. कधी रंगमंचावर न चढलेला ड्रायव्हर राजा झाला होता, आणि पार्किंगमध्ये छाती काढून येरझाऱ्याही घालत होता. हेडक्लार्कांनी घाईघाईने फाइल उघडली. साहेबांच्या नावासमोर लिहिलं होतं, 'प्रेत'.

केलेलं मागे घ्यायला त्यांनी कंट्रोल झेड बडवून पाहिलं. पण एकदा बंद केलेली फाइल मागचं काही लक्षात ठेवत नाही. तेवढ्यात साहेबांचं बोलावणं आलं.

साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"ही यादी तुम्ही केलीत?"

"हो साहेब, पण ते..."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

हेडक्लार्कांना काहीच उमगेना. साहेब खुर्चीत बसले आणि आवाज खाली आणून बोलू लागले. राजाचे संवाद काही केल्या पाठ होत नव्हते. रोज घोकत होते. घोकून घेता घेता बायकोला सगळं नाटक तोंडपाठ झालं, यांना पहिलं पानही नाही. आणि स्वतःच लिहिलेलं नाटक, मग बोलणार कुणाजवळ?

"एवढ्या ऑफिसात एकट्या तुमच्या लक्षात आलं," साहेब गहिवरून म्हणाले. "बढतीचं मी आजच वर कळवतो."

हेडक्लार्कांचं तोंड उघडं राहिलं होतं. त्यांनी ते शहाण्यासारखं मिटून घेतलं.

"फक्त एक बदल करा," साहेब म्हणाले. "प्रेत पहिल्याच प्रवेशात उचलून नेतात. ते शेवटपर्यंत राहू द्या. मधोमध. उजेड चेहऱ्यावर."

"तिन्ही अंक निपचित पडायचं म्हणजे साहेब, तालीम लागेल."

साहेबांनी गंभीरपणे मान हलवली, कोट काढून खुर्चीला अडकवला आणि जमिनीवर आडवे होत विचारलं, "डोळे मिटू, की उघडे ठेवू?"