नऊ रकान्यांची चुळबुळ

कोणत्याही समाजाची प्रगती त्यातली माणसं किती वेळ एका जागी निमूट बसू शकतात, यावर ठरते. (पुण्याच्या नगर रस्त्यावरच्या वाहतूक कोंडीने या बाबतीत वाघोलीकरांची तयारी कधीच पूर्ण करून घेतली आहे.) मात्र हे शिक्षण पहिलीपासून, शास्त्रशुद्ध आणि इंग्रजीतून मिळावं, हा विचार सर्वप्रथम केला तो वाघोलीतल्याच एका इंग्रजी शाळेने. त्याबद्दल तिचं कौतुक करावं तेवढं थोडं.

या शाळेत हिंमतराव पहिलीला मराठी शिकवत. येरवड्याच्या एका साध्या शाळेत एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. घरी बसवेना म्हणून इथे आठवड्याला चार तास यायचे. मुलं त्यांना मनापासून आवडत. (नेमणुकीच्या अर्जात ही बाब 'इतर' या सदरात नोंदवलेली आहे.)

जूनमध्ये शाळेच्या समन्वयक तेजस्विनी मॅडम एका हॉटेलात भरलेली दोन दिवसांची कार्यशाळा करून आल्या आणि प्रत्येक शिक्षकाच्या हातात एक तक्ता पडला. डावीकडे मुलांची नावं, वर नऊ रकाने: फिजेट, विगल, स्क्वर्म, ट्विच, जर्क, जिगल, ट्विडल, शफल, फ्लिंच. मुलाचे हात पट्टीशी चाळा करत असतील तर फिजेट. बूड बाकावर सरकलं तर विगल, पण तेच नाखुशीने सरकलं तर स्क्वर्म. एक पाय हलला तर जिगल, दोन्ही घासले तर शफल. गाल किंवा पापणी उडाली तर ट्विच, हाताला किंवा मानेला हिसका बसला तर जर्क. दोन्ही अंगठे एकमेकांभोवती फिरले तर ट्विडल. शिक्षक ओरडल्यावर मूल आक्रसलं तर फ्लिंच. (ओरडण्यासाठी रकाना नाही.) दर तासाला खुणा करायच्या, महिनाअखेर बेरीज. साठच्या आत असलेलं मूल 'सेटल्ड'. सलग तीन महिने साठच्या वर गेलेल्या मुलाला दुसरीत जागा नाही.

हिंमतरावांनी पहिल्या आठवड्याचा तक्ता मोठ्या निष्ठेने भरला. नऊच्या नऊ रकान्यांवरून एक आडवी रेघ मारली आणि तिच्यावर लिहिलं, 'चुळबुळ. वय वर्षे सहा.'

तक्ता दुसऱ्याच दिवशी परत आला.

"सर, चुळबुळ हे निरीक्षण नाही, तक्रार आहे," तेजस्विनी मॅडम अत्यंत सौजन्याने म्हणाल्या. "आणि सॉफ्टवेअर ती घेत नाही."

मराठीत वळवळ आहे, चाळा आहे, हिसका आहे, दचकणं आहे, असं हिंमतरावांनी सांगून पाहिलं. परंतु यांपैकी एकाही शब्दावर हॉटेलात कार्यशाळा झालेली नसल्याने मुद्दा तिथेच मिटला.

जुलैअखेर आकडेवारी हाती आली. पहिलीतल्या चौतीस मुलांपैकी बत्तीस, म्हणजे चौऱ्याण्णव टक्के मुलं हलतात, असं निष्पन्न झालं. उरलेली दोन तापाने घरी होती.

पालकांनी या उपक्रमाचं मनापासून स्वागत केलं. सलिलच्या आईने तर लेखी विचारणा केली, की आमच्या मुलाचा ट्विडलचा रकाना कोरा कसा? घरी तो उत्तम करतो. एका क्लासने स्तब्धतेची बॅच काढली. बुधवार पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानांत गाईड आलं, सोडवलेल्या तक्त्यांसह.

सगळं सुरळीत चाललं असताना पहिलीतली अपेक्षा नावाची मुलगी तेवढी आड आली. जुलैत तिची बेरीज एकशे अठ्ठ्याऐंशी, ऑगस्टमध्ये दोनशे बारा. सप्टेंबर हातात होता.

तिचे वडील रामदास रांजणगावच्या एका कारखान्यात कामाला. पाळी संपवून ते थेट शाळेच्या फाटकाशी आले आणि हिंमतरावांना बाजूला घेऊन म्हणाले, "सर, वाशिमला होती तोवर ती नुसती पोरगी होती हो. इथं आल्यावर तिला नऊ गोष्टी झाल्या. दुसरीत नाही घेतलं तर कुठं नेऊ तिला?"

अपेक्षाचं हलणं हिंमतरावांना तोंडपाठ होतं. उजवा पाय उडू लागला, की उत्तर जवळ आलंय. बाकाच्या कडेवर सरकली, की उत्तर आलंय, पण पाळी दुसऱ्याची आहे. कानाची पाळी ओढू लागली, की गुरुजींचं म्हणणं तिला पटलेलं नाही. (हे बहुधा तिचंच बरोबर असे.) तक्त्यात हे सगळं होतं, फक्त कशासाठी ते नव्हतं.

तेव्हा एकतीस वर्षांत केलं नव्हतं ते त्यांनी केलं. मधल्या सुट्टीत अपेक्षाला शेजारी बसवून न हलण्याचे धडे दिले. शाळेचे बूट काळे, बंद, जाड चामड्याचे. आत काय चाललंय ते कुठल्याही समन्वयकाला दिसत नाही. जे हलवायचं ते बुटात हलवायचं.

"सगळी बोटं हलवू का सर, की नुसता अंगठा?"

"उत्तर यायला लागलं की अंगठा. आलं की सगळी."

तिला हा खेळ फार आवडला. हिंमतराव चिकाटीचे शिक्षक आणि पोरगी हुशार. सप्टेंबरची बेरीज अकरा आली. रामदासांनी शाळेत पेढे वाटले. दुसरीतली जागा पक्की झाली आणि अपेक्षाला सभागृहात 'स्टिल स्टार'चं प्रमाणपत्र मिळालं. ते घ्यायला ती मंचावर गेली, तीही जवळजवळ न हलता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच तासाला हिंमतरावांनी वर्गाला विचारलं, "सावली पाण्यात पडली तर भिजते का रे?"

चौतीस मुलं ताठ बसली होती. वर्गात इतकी शांतता होती, की पंख्याची कुरकुर ऐकू आली. हिंमतरावांनी अपेक्षाकडे पाहिलं. तिने अतिशय सभ्यपणे त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्या बाकाशी गेले आणि हळूच म्हणाले, "अंगठा?"

"नाही सर," ती म्हणाली. "आता आतपण काही हलत नाही."

हिंमतरावांनी तिच्या नावापुढे नऊ शून्यं भरली. दुपारी तेजस्विनी मॅडमनी त्यांचं अभिनंदन केलं आणि तुमची पद्धत इतर शिक्षकांना शिकवाल का, असं विचारलं.

आपण मात्र या शाळेला नावं ठेवण्याची घाई करू नये. हा मजकूर आपण एका दमात, मध्ये एकदाही न उठता इथवर वाचलात. याचा अर्थ आपल्या घरातलं लहान मूल गेली पाच-सात मिनिटं जराही हललेलं नाही. आपल्याला तर तक्ताही लागला नाही. सावकाश उठा, त्याच्यासमोर लावून ठेवलेला फोन किती टक्क्यांवर आलाय ते बघा, आणि गरज असेल तर चार्जरला लावून द्या.