लोणावळा लोकलचं बाक

टिळेकरकाका कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी सोफ्याच्या गादीखाली हात घालतात. पार कोपरापर्यंत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी चहा ठेवायला आत गेले होते. बाहेर येऊन बघते तर हे गुडघ्यांवर बसून माझ्या नव्याकोऱ्या सोफ्याची तपासणी करताहेत. हात बाहेर काढून म्हणाले, "फोम आहे. दोन वर्षांत खड्डा पडेल." मग त्यांनी जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची ओढली आणि चहा तिच्यावर बसून घेतला.

खड्डा दीड वर्षातच पडला. ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

माझी जयपूरला बदली झाली तेव्हा विद्याधर नगरातल्या आमच्या इमारतीत मराठी घर म्हणून तेवढं टिळेकरांचं होतं. बाप-लेक, दोघंच. मुलगा मंदार सीतापुऱ्यातल्या कारखान्यात इंजिनिअर. रोज स्कूटरवरून शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. काका रेल्वेच्या कारशेडमधून निवृत्त झालेले. उभी नोकरी त्यांनी लोकलची बाकं दुरुस्त करण्यात काढली, आणि त्यांचा सगळा जीव पुणे-लोणावळा मार्गावरच्या जुन्या गाड्यांवर.

"दुपारची अर्धी रिकामी गाडी," ते सांगायचे. "खिडकीची झडप दोन बोटांनी वर जायची. पंखा बंद असला तर जाळीतून कंगवा घालून पातं ढकलायचं, की झाला सुरू. आणि पहिल्या वर्गाचं बाक! रेक्झिनच्या आत काथ्या. माणूस उठताना 'आई गं' म्हणायचा नाही. का? पाठीचा कल. पाठ खोटं बोलत नाही, प्राजक्ता."

"आणि आताच्या गाड्या?"

"छान आहेत. उभं राहायला."

हे सुरू झालं की मंदार उठून आत जायचा. एकदा जिन्यात त्यानं मला कारण सांगितलं. तो चौथीत असताना आई गेली. शाळा सुटली की काका त्याला शेडमध्ये न्यायचे. तिथे उभ्या लोकलमध्ये त्याचा अभ्यास, डबा, झोप, सगळं. "ताई, मला त्या रेक्झिनचा वाससुद्धा नको वाटतो," तो म्हणाला.

त्यामुळे काकांनी विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका भंगारवाल्याकडून मोडक्या बाकाचा लोखंडी सांगाडा ई-रिक्षात घालून आणला, तेव्हा मंदारनं तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. काकांनी तो तळमजल्यावर जिन्याशेजारी ठेवला आणि कामाला लागले. सकाळी ठोकाठोक, दुपारी ठोकाठोक. पायऱ्यांवर काथ्याचे धागे. आमचे सेक्रेटरी शेखावतजी त्यावरून घसरले आणि कठड्याला लोंबकळत वाचले.

त्यांनी अर्ज लिहिला. "सार्वजनिक जगह है, कारखाना नहीं." सह्या गोळा करत ते माझ्या दारात आले. माझ्या मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर होती, आणि त्या हातोड्यानं माझंही डोकं उठलं होतं. मी सही केली. सहांपैकी पाचवी.

काकांनी तरीही काम थांबवलं नाही. शेखावतजींनी रविवारपर्यंतची मुदत दिली. शनिवारी संध्याकाळी मंदार मला फाटकाशी भेटला. कंबरेवर हात, डोळे तांबारलेले, एका बाजूला वाकून चालत होता.

"उद्या दहाला कबाडीवाला येतोय," तो म्हणाला. "मीच बोलावलंय. बाबा तेव्हा भाजीला गेलेले असतात. तुम्ही बोलू नका, प्लीज."

"अरे, त्यांना सांगून तरी कर."

"सांगितलं की भांडण होतं. मला आता भांडायचं त्राण नाही, ताई. कंबर झोपू देत नाही. दोन तास झोप लागली तर नशीब."

मी बोलले नाही. म्हणजे दोनदा काकांच्या विरोधात गेले, एकदा सही करून आणि एकदा गप्प राहून. रविवारी भाजीची पिशवी घेऊन काका समोर आले तेव्हा मी मोबाइलमध्ये बघत बाजूला झाले.

कबाडीवाला वेळेवर आला. पण काका अर्ध्या वाटेतून परतले. पैसे घरी राहिले होते. फाटकातून आत आले तर दोन माणसं बाक उचलत होती. काका धावले नाहीत, ओरडले नाहीत. पिशवी खाली ठेवली, माणसांच्या मधून वाट काढली आणि बाकावर जाऊन बसले.

"टिळेकरजी, उठ जाइए," शेखावतजी म्हणाले.

"नहीं."

"पूरी बिल्डिंग की शिकायत है." त्यांनी अर्ज पुढे केला.

काकांनी चष्मा लावला आणि एकेक नाव मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मी जिन्यात उभी होते. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. मग ते थांबले. चष्म्यावरून वर बघितलं नाही. सहावं नाव वाचलं आणि कागद घडी करून परत दिला.

मंदार पुढे झाला. "बाबा, उठा. लोक बघताहेत."

"बघू देत."

"इथे मला रात्र-रात्र झोप नाही, आणि तुमचं हे वेड..." त्याचा आवाज चढला. कबाडीवाल्यानं मागे पाऊल घेतलं.

मान खाली घातलेली असल्यामुळेच मला ते दिसलं. काकांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. लहान पोरासारखे लोंबत होते.

"काका," मी म्हणाले, "बाक उंच झालंय तुम्हाला."

"माझ्यासाठी कुठे केलंय?"

मंदार चांगला सहा फूट उंच.

"माप कधी घेतलंत?" त्यानं विचारलं.

"दोरीवर तुझी पँट वाळत होती, तिचं घेतलं." काका सरकत सरकत खाली उतरले. "एकदा बस. मग ने म्हणावं त्याला."

विषय संपवायचा म्हणून मंदार बसला. हाताची घडी, जबडा आवळलेला. काका गुडघ्यांवर आले, त्याच्या कंबरेमागे हात घालून काहीतरी चाचपलं आणि म्हणाले, "जरा मागे. अजून मागे. आता सोड अंग."

शेखावतजी घड्याळ बघत होते. कबाडीवाला दोर हातात घेऊन उभा. पाच मिनिटं गेली असतील. मंदारच्या हातांची घडी सैल झाली. मग मान कलली.

"ले जाऊँ क्या?" कबाडीवाल्यानं विचारलं.

त्याला गप्प केलं ते शेखावतजींनी. ओठांवर बोट ठेवून त्यांनी त्याला फाटकापर्यंत नेलं आणि फाटकाची कडी स्वतः अलगद लावली.

काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, गार फरशीवर टेकले. मी त्यांच्या शेजारी बसले. सहीचं सांगावं म्हणून तोंड उघडलं.

"काका, तो कागद..."

"नंतर," ते कुजबुजले. नजर मंदारवरच होती. "आत्ता बोलू नकोस. खूप महिन्यांनी झोपलाय."