दोन डीव्हीडी आणि पाचवा लाडू

कॉम्प्युटरच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही! ऑफिसात प्रिंटर अडला की लोक आधी मला हाक मारतात, मग देवाला. त्यामुळे सासूबाईंनी "अनुजाच्या लग्नाच्या दोन डीव्हीडी जोडून एकच फिल्म होईल का?" असं विचारलं, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "आई, अर्ध्या तासाचं काम! क्वालिटी एवढीशीसुद्धा जाणार नाही."

"जायलाच नको," सासूबाई म्हणाल्या. "लाडू मोजता आले पाहिजेत."

आता हे लाडवांचं प्रकरण सांगायलाच हवं. अठरा वर्षांपूर्वी गिरगावातल्या एका हॉलमध्ये माझं आणि अनुजाचं लग्न लागलं. रुखवतात सासूबाईंनी नारळाएवढे बेसनाचे लाडू मांडले होते. त्यांच्या मते पाच. आमच्या परळच्या घरी पोचले चार! आमची माणसं म्हणाली, गिरगावकरांचा हातच आखडता. त्यांची माणसं म्हणाली, परळकरांनी वाटेत हाणला. तेव्हापासून आमच्या गोतावळ्यात सासूबाई 'चार लाडूवाल्या' म्हणून ओळखल्या जातात आणि खोटं कशाला बोलू, ते नाव मीच ठेवलं. बाईंच्या मनाला ते फार लागलं होतं. पंचाहत्तरी जवळ आली तेव्हा त्यांनी साडी नको म्हटलं, दागिना नको म्हटलं. "सगळ्यांसमोर ती फिल्म लावा. एकदा या डोळ्यांदेखत माझी सुटका होऊ दे."

दुकानात डिस्क द्यायला त्या तयार नव्हत्या. का? तर दुकानदार परळचा! माझ्यावरही विश्वास नव्हताच. डिस्क स्टीलच्या डब्यात घालून, वर रुमाल बांधून त्या स्वतः आमच्या घरी आल्या आणि माझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसल्या.

"जावईबापू, ती हिरवी पट्टी सरकतेय. काय कापताय?"

"कापत नाही हो आई, जोडतोय!"

"जोडायच्या आधी माणूस कापतोच. मी आयुष्यभर ब्लाउज शिवलेत."

मी त्यांना समजावलं. काही लोक फाइल बदलताना चित्र नव्याने दाबून बसवतात, त्यात ते पुसट होतं. मी तसं करणार नव्हतो. आंब्याच्या दोन पेट्या एकत्र बांधायच्या, आतला आंबा चेपायचा नाही, इतकं सोपं. त्यांनी मान हलवली, पण नजर पट्टीवरून काही हलली नाही.

घोटाळा वेगळाच झाला. दोन्ही डिस्कवर मार्करने लिहिलेलं 'भाग' एवढंच उरलं होतं, पुढचा आकडा पुसला गेला होता. आतल्या फाइलींची नावंही दोन्हीकडे तीच! मी विचारलं, "आई, पहिली कुठली?"

"तुम्हाला माहीत नाही? मग मला कशाला खोदून विचारताय? लाडवाची कळली की तीच कापायला?" त्यांनी डोळे बारीक केले.

मग मी डोकं चालवलं. माणूस पहिला भाग जास्त वेळा बघतो. म्हणजे जास्त ओरखडे जिच्यावर, ती पहिली! उघडून बघायची गरजच काय? धाडकन जोडून टाकल्या.

वाढदिवसाला गिरगावच्या त्या दोन खोल्यांत तीस माणसं कोंबली होती. एका भिंतीला सासूबाईंची बाजू, दुसऱ्या भिंतीला आमची. आमच्या बाजूला लालबागची माझी शांताआत्या दाराजवळची खुर्ची धरून बसली होती. सासूबाई नवी साडी नेसून टीव्हीसमोर, हातात जपमाळ.

फिल्म सुरू झाली. पंगती. विहिणींचं जेवण. पाठवणी, अनुजाचं रडणं. रुखवत गाडीत चढलं. चित्र इतकं स्वच्छ की सगळ्यांनी बोटं नाचवत मोजलं: एक, दोन, तीन, चार!

आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर सासूबाई! रिकाम्या होत आलेल्या डब्यातून त्यांनी पाचवा लाडू काढला आणि टेबलावर ठेवला.

मी रिमोट दाबून चित्र थांबवलं आणि उभाच राहिलो. "बघा! मुलगी गेली, वऱ्हाड गेलं आणि लाडू डब्यातून बाहेर! आई, अठरा वर्षं आम्हाला चोर म्हणालात?"

आमच्या भिंतीने टाळ्या पिटल्या. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. "मी... मी नाही हो लपवला," एवढंच त्या म्हणाल्या. मला एक क्षण वाईट वाटलं. एकच!

"अहो," अनुजा थंडपणे म्हणाली, "त्या लाडवामागे मुंडावळ्या बांधून घेतेय ती कोण?"

"तूच की."

"म्हणजे मी रडत रडत सासरी गेले आणि मग लग्न लावायला परत आले?"

तेवढ्यात सासूबाई पुटपुटल्या, "पहिली कधी लावलीच नाही, दुसरी डिस्कच आम्ही सारखी लावायचो हो. पाठवणी बघून रडायला."

थोडक्यात, जास्त ओरखडे दुसऱ्या भागावर होते आणि मी लग्न उलटं लावलं होतं. अनुजाने माझ्या हातातला रिमोट काढून घेतला आणि फिल्म पुढे सुरू केली.

"माजी बस चुकात हां," शांताआत्या एकदम उठली.

"बसा!" तीस माणसं ओरडली.

पडद्यावर आत्या. रुखवतापाशी. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि पाचवा लाडू पदराखाली! सासूबाईंनी जपमाळ कपाळाला लावली. कॅमेरावाला मात्र इमानदार, आत्याच्या मागोमाग वरपक्षाच्या खोलीत शिरला. तिथे आत्याने बुक्की मारून लाडू फोडला, डिशमध्ये भरला आणि डिश दिली कुणाला? मुंडावळ्या बांधून बसलेल्या, मुहूर्त लांबल्यामुळे भुकेने कळवळणाऱ्या नवऱ्यामुलाला! तो मान खाली घालून असा काही हाणत होता की मलाच माझी लाज वाटली. मिशीवरचा बेसनाचा कण न् कण दिसत होता.

"मला वाटलं हॉलचा नाश्ता आहे!" मी ओरडलो.

"आत्या, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" अनुजाने विचारलं.

"तुमी इचारलात, चोरलंस काय? मी म्हटलंय, नाय. भरवलंस काय म्हणान कोणी इचारल्यानच नाय!"

सासूबाई रडत होत्या, हसतही होत्या. "पाच होते की नाही? पाच होते!" असं त्या एकेका माणसाला हात धरून सांगत सुटल्या. मी वाकून नमस्कार केला, माफी मागितली, मनापासून मागितली. त्यांनी मला जवळ बसवलं, आपल्या हाताने चहा दिला आणि नव्या नवरीसारख्या लाजत म्हणाल्या, "जावईबापू, तो लाडू कुणी खाल्ला तेच कळत नव्हतं, म्हणून विचारायचं राहिलं. कसा झाला होता हो?"

मी डोळे मिटून चव आठवायला लागलो. आठवली, आणि तोंडातून निघून गेलं, "चांगला होता, पण तूप जरा कमी पडलं होतं."

सासूबाईंनी माझ्या हातातला कप काढून घेतला. चहा अजून अर्धा होता.